मंगळवारचा उद्या

चि. सुधा आणि चि. मुकुंद,

तुमचं पत्र पोचलं. मुकुंदाने विचारलं आहे की, "आजी, मागच्या पत्रात तू 'मंगळवारच्या उद्या डॉक्टरांकडे जायचं आहे' असं लिहिलंस. सरळ बुधवार का नाही लिहीत?" आणि सुधाने खाली पेन्सिलीने जोडलं आहे की आजीचं आता वय झालं. वय झालंच आहे, पण त्याचा इथे संबंध नाही. हा शब्द माझा नव्हे. तो सगुणाकाकीचा आहे. माझ्यामागे तो वापरणारं कोणी राहील असं वाटत नाही, म्हणून जरा नीट लावून सांगते.

तुम्ही पाहिलेलं गिरगाव म्हणजे चाळी, दुकानं आणि रस्त्याला लागलेली माणसं. माझ्या लहानपणी, म्हणजे अठराशे नव्वदनंतरच्या दहा वर्षांत, तिथे ट्रामला घोडे होते आणि वाड्यांमध्ये खरोखरच माड होते. 'वाडी' हा शब्द आता पत्त्यापुरता उरला आहे. तेव्हा वाडी म्हणजे विहीर, माड, केळी, ओलसर वाट आणि मध्ये एखादं कौलारू घर. आम्ही राहत होतो ते लाकडी दुमजली घर भाड्याचं. त्याच्या मागच्या गॅलरीतून खाली पाहिलं की सगुणाकाकीची वाडी दिसायची. वाडी कसली, दहा-बारा माडांचा एक तुकडा आणि त्यात दोन खोल्या. पण ती त्याला वाडीच म्हणायची, आणि आम्हीही.

सगुणाकाकी अंगाने लहानशी, काळीसावळी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि कपाळावर एवढं मोठं कुंकू की आधी कुंकू येतं आणि मागून काकी येते असं माझी आई म्हणायची. गालात सदोदित एक लवंग. ती जवळून गेली की लवंगेचा वास यायचा आणि मग झावळ्यांचा. माडाची झावळी मधोमध चिरून तिची पाती एकमेकांत गुंतवून ती झाप विणायची. पावसाळ्याआधी आसपासचे सगळे लोक आडोशासाठी तिच्याकडून झाप न्यायचे. विणताना ती बोलत नसे, कारण विणताना बोललं की झाप गळतो असं तिचं मत होतं. हात मोकळे झाले की मात्र साऱ्या दिवसाचं बोलून घ्यायची.

तिचा नवरा खलाशी होता. माझा जन्म होण्याच्या सुमाराला तो फत्तेमारीवर चढून जंगबारला गेला. जंगबार म्हणजे तुमच्या नकाशातलं झांझिबार. दिवाळीनंतरच्या वाऱ्यावर ही मोठी शिडाची जहाजं तिकडे जात आणि चैत्र-वैशाखात वारा फिरला की परत येत. तो त्या चैत्रात आला नाही. पुढच्याही नाही. सोबतची माणसं काही इकडे उतरली, काही तिकडेच राहिली. जहाज बुडाल्याचं कोणी सांगितलं नाही आणि तो दिसल्याचंही कोणी सांगितलं नाही.

त्याचं नाव होतं बुधाजी.

आता मुकुंदाच्या प्रश्नाकडे येते. आमच्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं अशी समजूत. लग्नकार्यात उखाण्यातून काय घ्यायचं ते घ्यायचं, एरवी 'इकडचे', 'घरचे', नाहीतर नुसतं 'ते'. बहुतेक बायकांचं यात काही अडत नसे. सगुणाकाकीचं अडायचं. आठवड्यातला एक दिवसच तिच्या बोलण्यातून गेला होता. तेलाची बुधली गेली होती, तिला ती 'तेलाची ती' म्हणायची. बुद्धीसुद्धा गेली होती. गणपतीपुढे आम्ही सगळी पोरं हात जोडून 'बुद्धी दे' म्हणायचो, आणि मागून काकीचा आवाज यायचा, "अक्कल दे रे बाबा सगळ्यांना."

आम्ही तिला फार छळायचो.

"काकी, काल मंगळवार होता ना?"

"व्हता."

"मग आज?"

"आज मंगळवारचा उद्या."

"आणि उद्या?"

"उद्या गुरुवार."

"मग मधल्याचं नाव काय?"

"मधल्याचं नाव तुझ्या बापाला विचार. तो मास्तर हाय, त्याला पगार मिळतो त्याचा."

माझे वडील शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवायचे. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. ते सुधारक मताचे होते, मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि असल्या समजुतींना ते हसायचे. पण सगुणाकाकीला ते 'अहो सगुणाबाई' म्हणायचे आणि तिच्यासमोर कधी हसले नाहीत.

काकीच्या वाडीत एक नियम होता. फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर कोणी कपडे वाळत घालायला दोरी बांधायची नाही. आमची आई एकदा विसरून दोरीचं एक टोक तिच्या माडाला बांधून आली. काकीने ती सोडली, नीट गुंडाळली आणि वर आणून दिली. "मास्तरीणबाई, रागावू नका. माणूस दर्यावरून येतो तो वर बघत येत नाय. गळ्याला लागायची." दोरी पुढे आमच्याच गॅलरीत राहिली.

दुसरं एक तिचं ठरलेलं वाक्य होतं. कोणी आजारी पडलं, कोणाची नोकरी गेली, कोणाचं लग्न मोडलं, की ती म्हणायची, "ओहोटी लागली म्हणून दर्या काय पळून गेला?" हे ती इतक्या सहज म्हणायची की ऐकणाऱ्याला खरंच वाटायचं, थोडं थांबलं की पाणी पायाशी येणार.

वारा फिरला की ती बंदरावर जायची. धुतलेलं लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर. एका वर्षी आईची परवानगी काढून तिने मलाही नेलं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. धक्क्याला फत्तेमाऱ्या लागल्या होत्या, त्यांच्या डोलकाठ्यांचे शेंडे एकमेकांना लागतील इतक्या जवळ. खजुराच्या गोण्या उतरत होत्या आणि हवेत काकीचाच वास होता, लवंगेचा. काकी एका बाजूला उभी राहिली. एक दाढीवाला खलाशी फळीवरून उतरला.

"जंगबारहून?" काकीने विचारलं.

"होय बाई."

बस. एवढंच. काकी मान हलवून बाजूला झाली. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, कमरेच्या फडक्यातून मूठभर लवंगा काढल्या आणि तिच्या ओंजळीत टाकल्या. तो तिला ओळखत असावा. दर साल उभी राहणारी बाई खलाशांना ठाऊक होणारच.

परतताना मी म्हटलं, "काकी, तू पुढचं विचारलंच नाहीस."

"विचारलं तर तो सांगेल गो," ती म्हणाली.

मग ती आपणहून बोलायला लागली. "ते निघाले तो वार कुठला, ठाऊक हाय?"

"कुठला?"

"मंगळवारचा उद्या."

मला एकदम म्हण आठवली. कोणी बुधवारी प्रवासाला निघालं की माझी आई म्हणायची, "जाशील बुधी, येशील कधी." बुधवारी गेलेला माणूस लवकर परतत नाही म्हणून घरची बाई त्याला थांबवायची, आणि थांबवायचं म्हणजे ही म्हण म्हणायची. पण या म्हणीत कोणाचं नाव दडलं आहे, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

"घरात मी एकली," काकी सांगत होती. "सासू नाय, नणंद नाय. ते उंबऱ्यावर. मी ती म्हण म्हणायला तोंड उघडलं आणि पयल्याच घासाला खडा. त्यांचंच नाव आडवं आलं. म्हटलं, नाव घेतलं तर आयुष्य घटतंय, आणि नाय घेतलं तर... अशी उभी ऱ्हायले. ते म्हणाले, काय गो? मी म्हटलं, काय नाय. पागोटं नीट बांधा."

"मग मंगळवारचा उद्या म्हणायचं होतंस."

काकीने माझा हात जरा घट्ट धरला. "तवा सुचलं नाय. नवीन लगीन. तो शब्द मी मागाहून केला."

त्यानंतर मी तिला वार विचारून कधी छळलं नाही.

मी दहा-अकरा वर्षांची असताना कोटातल्या, म्हणजे तुमच्या फोर्टातल्या, सरकारी कचेरीने आमच्या भागातल्या जागांच्या जुन्या नोंदी ताज्या करायला काढल्या. बऱ्याच तुकड्यांवर आजोबा-पणजोबांची नावं होती, ती बदलून हल्लीच्या मालकांची लावायची होती. एक पट्टेवाला घरोघर फिरत काकीच्या दारात आला. आम्ही वरून ऐकत होतो.

"मालक कोण?"

"गेलेत."

"कुठे?"

"जंगबारला."

"येणार कधी?"

"वारा फिरला की."

पट्टेवाल्याने आमच्या गॅलरीकडे पाहिलं. भाऊ खाली गेले. पट्टेवाल्याने त्यांना समजावून सांगितलं की मालकाने कचेरीत यावं, मालक नसेल तर वारसाने यावं, आणि कोणीच आलं नाही तर जागा बेवारस लिहून सरकारजमा होईल. काकी जिवंत होती, जागेवर होती, झाप विणत होती; पण सरकारी कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं.

आईने तिला वर बोलावून समजावलं. "सगुणे, काम साधं आहे. नवरा मयत, वारस बायको, एवढं सांगायचं. तुझं नाव लागेल."

"मयत म्हणजे?"

काकीला अर्थ ठाऊक होता. तिने तो आईकडून वदवून घेतला नाही.

"कागदावर लिहायचं ते फक्त," आई म्हणाली. "घरी तू कशीही राहा."

"कचेरीत रांडाव आणि घरात सवाष्ण? असं दोन घरचं पाणी मी नाय पिणार, मास्तरीणबाई. कागदावर मेलेला माणूस उद्या दारात आला तर त्याला मी ताट कसं वाढू?"

"आणि वाडी गेली तर दार तरी कुठलं राहील?"

त्या दिवशी तिने झाप विणायला घेतला आणि अर्ध्यात सोडला. तसं तिने कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. वाडी गेली तर त्याला यायला जागा नाही, आणि वाडी राखायची तर त्याला मेला म्हणायचं.

शेवटी ती भाऊंबरोबर कोटात जायला तयार झाली, पण परपुरुषाबरोबर एकटी कशी जाणार म्हणून सोबतीला मला घेतलं. अशा रीतीने मी त्या कचेरीत जाऊन पोचले. उंच छत, भिंतीला लागून लाल फडक्यांत बांधलेली दप्तरं आणि मेजामागे एक वयस्क कारकून. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज बसलेला.

"नाव?"

"सगुणा."

"नवऱ्याचं नाव?"

भाऊंनी तोंड उघडलं, तर कारकून म्हणाले, "मास्तर, अर्जदाराच्या तोंडून आलं पाहिजे. तसा नियम आहे."

"त्यांचं नाव," काकी म्हणाली, "आठवड्यात येतं."

"मी वार नाही विचारत बाई, नाव विचारतोय."

"मी पण नावच सांगते."

कारकुनांनी टाक खाली ठेवला. "सोमाजी?"

"पुढं या."

"मंगळ्या?"

"आणखी एक पाऊल या, रावसाहेब."

"बुधाजी?"

काकीने पदर सारखा केला आणि मान खाली घातली. "तुम्ही बोललात. मी नाय." दाराजवळचा पट्टेवाला हसला. कारकून हसले नाहीत, पण त्यांनी नाव लिहून घेतलं.

"बरं. आता सांग, हयात की मयत?"

"जंगबारला."

"ते ठिकाण झालं. हयात की मयत?"

"तुमच्याकडं तिसरा रकाना नाय?"

"नाही. किती वर्षांत खबर नाही?"

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "या मुलीच्या वयाइतकी धरा."

"पत्र?"

"त्यांना लिहिता येत नाय, मला वाचता येत नाय," काकी म्हणाली. "कोण कुणाला पाठवणार?"

कारकुनांनी चष्मा काढला आणि ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ बाई. सात वर्षं माणसाची खबर नसली की तो मयत धरायचा, असा कायदा आहे."

"कोणी धरला?"

"कायद्याने."

"मग कुंकू पण कायद्यानेच पुसावं. माझ्याच्याने नाय व्हायचं."

या वेळी पट्टेवालाही हसला नाही. भाऊ इंग्रजीत काहीतरी बोलले. कारकुनांनी त्यांना मराठीतच उत्तर दिलं, "मास्तर, हयात म्हणत असाल तर मालकाला आणून उभा करा. मयत म्हणत असाल तर आत्ता हिचं नाव लावतो. दोन्ही नसेल तर बेवारस. यात माझं काय जातं सांगा?"

काकीने हे ऐकलं. मग ती मेजासमोर, दुसऱ्याच्या वाटेत येणार नाही अशा बेताने, जमिनीवर बसली.

"हे काय?"

"बसते जरा. ओहोटी हाय."

ती बसली ती बसलीच. माणसं आली, सह्या करून गेली. भाऊ एक-दोनदा 'सगुणाबाई, चला' म्हणाले, तिने ऐकलं नाही. मला तहान लागली तर पट्टेवाल्याने पाणी दिलं. काकीने कनवटीची लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. कारकून डबा खायला उठले, त्यांना तिला वळसा घालून जावं लागलं; परत आले तेव्हाही वळसा घालून यावं लागलं. बसल्यावर त्यांनी बराच वेळ दुसरंच काम केलं. मग एकदम कागद पुढे ओढला.

"जागेवर कोण राहतं? ही. झाडं कोण राखतं? ही. मग वहिवाट हिची." ते स्वतःशीच बोलावं तसं बोलत लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचलं, "सगुणा कोम बुधाजी."

तुम्हाला हा शब्द ठाऊक नसणार. जुन्या दप्तरी मराठीत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, तसं 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. भाऊंनी हळूच विचारलं, "आणि हयात-मयत?"

"कोम लिहिलं की ते कोणी विचारत नाही. नवरा असो, नसो, कोम ती कोम."

काकी उठून उभी राहिली होती. "काय लिहिलंत, रावसाहेब? कोंब?"

"कोम."

"कोंबच ना? नारळाला फुटतो तो?"

कारकुनांनी भाऊंकडे पाहिलं. मराठी शिकवणारे माझे वडील खिडकीबाहेर पाहत होते.

"हो बाई," कारकून म्हणाले. "कोंबच."

काकीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मेलेल्या नारळाला कोंब फुटत नाय," ती म्हणाली. "सरकारला कळलं ते बरं झालं." आणि तिने शाईत अंगठा बुडवला.

घरी आल्यावर आईने भाऊंना विचारलं, "तुम्ही तिला खरा अर्थ नाही सांगितलात?" भाऊ टोपी खुंटीला लावत म्हणाले, "कोम म्हणजे कोंब. उद्यापासून वर्गात मी हेच शिकवणार आहे."

दुसऱ्याच दिवशी काकीने कोंब फुटलेला एक नारळ निवडून वाटेच्या कडेला, दाराजवळ लावला. त्याचं नाव तिने 'कचेरीतला' ठेवलं. "कचेरीतल्याला पाणी घातलं का?" "कचेरीतल्याजवळ खेळू नका." इतर माड तिला नुसते माड होते. पुढे प्लेग आला, गिरगाव अर्धं ओस पडलं, आम्हीसुद्धा काही महिने दादरला माहीमच्या बाजूला झोपडी बांधून राहिलो. आईने तिला चल म्हटलं. ती म्हणाली, "मी गेले आणि ते आले तर कचेरीतला एकटा काय सांगेल?" आम्ही परत आलो तेव्हा ती होती, कचेरीतलाही होता, माझ्या कमरेएवढा झालेला.

सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं. त्या काळाच्या मानाने ते फार उशिरा. सासर नागपूरला. तुमच्या आजोबांची रजा संपत होती, त्यामुळे गाडीची तिकिटं ज्या दिवसाची मिळाली तो दिवस धरला, आणि तो निघाला बुधवार. आई दोन दिवस धुसफुसत होती. भाऊ म्हणाले, "आगगाडी पंचांग पाहत नाही." भाऊंपुढे अशा बाबतीत आईचं चालत नसे.

घोड्याची व्हिक्टोरिया दाराशी आली. ट्रंक वर चढली. मी सगळ्यांच्या पाया पडत होते, तेवढ्यात काकी वाडीतून आली. हात रिकामे. तिने गाडीकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"मास्तर, पोरीला आज नका पाठवू."

"सगुणाबाई, तिकिटं काढली आहेत."

"आज नको."

"का पण?"

भाऊंनी असं विचारायला नको होतं. त्यांच्या तोंडून गेलं. का, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि काकी ते म्हणू शकत नाही हेही ठाऊक होतं. 'मंगळवारचा उद्या' हा शब्द आता तिच्यापाशी होता. तो म्हटला असता तरी आम्हाला कळलं असतं. पण त्या शब्दाने कोणाला थांबवता येत नाही. थांबवायचं तर म्हण म्हणावी लागते.

काकीने गालातली लवंग काढून मुठीत धरली.

"जाशील बुधी, येशील कधी," ती म्हणाली.

अक्षर न् अक्षर सुटं, स्वच्छ. शाळेतल्या मुलीने पाठ म्हणावं तसं. आईने तोंडावर हात घेतला. काकीचा हात कपाळाकडे गेला, कुंकवाला लागला आणि तिथेच राहिला.

तुमच्या आजोबांना काहीच कळलं नाही. ते म्हणाले, "उशीर होतोय." भाऊ काकीच्या कपाळावरच्या हाताकडे पाहत होते. माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी शुभाशुभ मानलं नाही, मरेपर्यंत नाही. ते गाडीवाल्याला म्हणाले, "ट्रंक खाली घे."

"का?" आजोबांनी विचारलं.

"उद्या जाऊ," भाऊ म्हणाले. "आज नाही."

त्या संध्याकाळी मी मागच्या गॅलरीतून पाहिलं. काकी कचेरीतल्याजवळ बसली होती, समुद्राकडे तोंड करून. झाप हातात नव्हता. मी हाक मारणार होते. आईने मला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया पुन्हा आली. काकी या वेळी आधीच दाराशी उभी होती. धुतलेलं लुगडं, वळेसर, आणि कुंकू नेहमीपेक्षाही मोठं, अजून ओलं. गालात लवंग. तिने माझी ओटी भरली. खणाच्या घडीवर तिने ठेवलेला नारळ पाहून आई पुटपुटली, "सगुणे, अगं, कोंब फुटलेला?"

"सरकारमान्य हाय, मास्तरीणबाई," काकी म्हणाली.

गाडी हलली आणि वळसा घेऊन मागच्या बाजूला वाडीच्या फाटकाशी आली, तोवर काकी आपल्या वाटेवर जाऊन उभी राहिली होती. मला तिला काहीतरी विचारायचं होतं. काल तू काय केलंस, माझ्यासाठी का केलंस, आता तुझं कसं होणार, असलं सगळं. गाडीतून वाकून मी विचारलं ते इतकंच, लहानपणी विचारायची ते.

"काकी, आज वार कुठला गो?"

सगळी वर्षं गुरुवारला ती गुरुवारच म्हणत आली होती. त्या दिवशी तिने वाटेत उभं राहून, एक हात कचेरीतल्याच्या कोवळ्या झावळीवर ठेवून, जराही न अडखळता सांगितलं,

"मंगळवारचा परवा."